डोहाळजेवणाआधीचे तीन महिने

आपल्याकडे गर्भारपणाचे कौतुक सातव्या महिन्यात होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, झाकलेल्या वाट्यांतून ‘पेढा की बर्फी’ ओळखण्याची गंमत, शेजारणींनी आणलेले पदार्थ. हा सोहळा सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु तो होतो तेव्हा बहुतेक पहिलटकरणींची भूक परतलेली असते, जेवण पोटात ठरू लागलेले असते आणि चेहऱ्यावर तजेला आलेला असतो. खरा कठीण काळ मागेच सरलेला असतो. तो काळ असतो पहिल्या तीन-चार महिन्यांचा, आणि तेव्हा आपण ‘तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही’ हा नियम पाळत असतो. म्हणजे मदतीची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत ती मागण्याची सोय नसते.

घरी राहणाऱ्या स्त्रीलाही हे जड जाते. नोकरी करणाऱ्या स्त्रीची तर दुहेरी कोंडी होते. तुम्ही आटगावला राहत असाल आणि कामाला कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठत असाल, तर ही कोंडी कशी असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. कसारा मार्गावरच्या गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढची केव्हा, याचा हिशेब मनात चालू असतो. उपनगरी गाडीत शौचालय नसते. डब्यात कोणाच्या डब्यातील भाजीचा, कोणाच्या गजऱ्याचा, कोणाच्या केसांच्या तेलाचा वास येतो आणि पोट ढवळून निघते. उतरावे तर हजेरी जाते, उतरू नये तर लाज जाते. भिवंडी-पडघ्याकडच्या गोदामात, आसनगावजवळच्या कारखान्यात, एखाद्या दवाखान्यात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत काम असेल, तरी प्रश्न तोच असतो. कारण विचारले तर सांगता येत नाही आणि न सांगता रजा मिळत नाही.

डोहाळे कोणते, आजार कोणता?

दहांतील सात-आठ गर्भवतींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले, तर तो साधारण सहाव्या आठवड्याच्या आगेमागे सुरू होतो, नवव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. त्याला सकाळचा त्रास म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो दिवसभरात केव्हाही होतो, आणि अनेकींना संध्याकाळी अधिक होतो. एवढ्यावर निभावले तर ते डोहाळे.

शंभरांतील एक-दोन, फार तर तीन स्त्रियांचा त्रास मात्र इथे थांबत नाही. अन्न तर नाहीच, घोटभर पाणीही ठरत नाही. वजन घटत जाते, लघवी कमी होते, उठून उभे राहिले की अंधारी येते. वैद्यकशास्त्रात याला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ म्हणतात. आपण त्याला ‘कडक डोहाळे’ म्हणतो, आणि या शब्दानेच घात होतो. डोहाळे म्हटले की ते सोसायचे असतात, पुरवायचे असतात, हसण्यावारी न्यायचे असतात. आजार म्हटले की त्यावर उपचार करायचे असतात.

हा आजार काय करू शकतो, याचे जुने उदाहरण इंग्रजी कादंबरीकार शार्लट ब्राँटी हिचे. लग्नानंतर काही महिन्यांतच तिला दिवस गेले. त्यानंतर अखंड मळमळ आणि उलट्यांनी ती खंगत गेली आणि ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मरण पावली. मृत्यूच्या दाखल्यावर क्षयाची नोंद आहे. परंतु तिच्या मृत्यूमागे हाच आजार असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. शिरेतून द्रव देण्याची सोय तेव्हा रुग्णांच्या हाती आलेली नव्हती. आज ती आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातील सून केट हिला याच आजारासाठी लंडनच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा तिच्या गर्भारपणाची वार्ता ठरवलेल्या वेळेआधीच जाहीर करावी लागली. पुढे जुलै २०१३ मध्ये तिचा मुलगा सुखरूप जन्मला. राजवाड्यालाही जे गुपित राखता आले नाही, ते लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या स्त्रीने राखावे, अशी अपेक्षा आपण का करावी?

दोष मनाचा नाही

‘आम्ही नाही का बाळंतपणे केली?’ हे वाक्य प्रत्येक घरात असते. त्यामागे दुष्टपणा नसतो. आपल्याला जे झाले तेवढेच सर्वांना होते, अशी समजूत असते. एकेकाळी डॉक्टरांचीही समजूत चुकीची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेकांनी या आजाराचे मूळ स्त्रीच्या मनात, मूल नको असण्यात शोधले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीला मोठा धक्का दिला. मार्लेना फेझो, स्टीफन ओ’राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, गर्भ आणि वार यांच्याकडून ‘जीडीएफ-१५’ नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात येते आणि ते मेंदूतील उलटीशी संबंधित भागावर काम करते. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रीच्या शरीरात हे संप्रेरक कमी असते, तिला त्याची सवय नसते. म्हणून अचानक वाढलेली पातळी तिला अधिक बाधते. थॅलॅसेमियाच्या ज्या रुग्ण स्त्रियांच्या रक्तात ते मुळातच जास्त असते, त्यांना गर्भारपणी मळमळ फारच कमी होते, असेही या अभ्यासात दिसले. याचा अर्थ सरळ आहे. सासूबाईंना त्रास झाला नाही आणि सुनेला होतो, यात एकीचा खंबीरपणा आणि दुसरीचा नाजूकपणा नसतो; दोघींची शरीरे वेगळी असतात.

उलट्या जास्त म्हणजे मुलगा की मुलगी, असले ठोकताळेही बाजूला ठेवावेत. त्यावरून काही ठरत नाही आणि घरातील ताण मात्र वाढतो.

चार मापे रोज पाहा

‘खूप त्रास होतो’ असे सांगितले की ऐकणारा आपल्या कल्पनेने त्याचे माप ठरवतो. म्हणून तुम्हीच मोजा आणि वहीत लिहा.

पहिले माप वजनाचे. शक्य तितक्या लवकर वजन करून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत पुन्हा करा. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात काटा असतो. गर्भधारणेपूर्वीच्या वजनातील शंभर भागांपैकी पाच भाग घटले, तर ती धोक्याची खूण आहे. वजन ४० किलो असेल तर २ किलो, ५० असेल तर अडीच किलो. आपल्या भागात अनेक मुलींचे वजन मुळातच कमी असते. त्यांनी तर एवढीही वाट पाहू नये.

दुसरे माप लघवीचे. आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा फार थोडी आणि गडद पिवळी झाली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे.

तिसरे माप पाण्याचे. दिवसभरात काहीच ठरले नाही, प्रत्येक घोट परत आला, तर चोवीस तास उलटू देऊ नका.

चौथे माप उभे राहण्याचे. उठताना भोवळ येणे, छातीत धडधडणे, चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

याशिवाय ताप, पोटात तीव्र दुखणे, लघवीला जळजळ, डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी किंवा अंगावरून रक्त जाणे हे डोहाळ्यांत बसत नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, कावीळ, हिवताप, थायरॉइडचा विकार, जुळी मुले किंवा द्राक्षगर्भ अशी कारणे डॉक्टरांना तपासावी लागतात. उलट्या दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या, तर ही तपासणी अधिकच गरजेची.

आटगाव-खर्डीच्या परिसरात किंवा मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांसाठी एक सूचना अधिक. दुपारी त्रास वाढला असेल तर रात्र होऊ देऊ नका. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. दिवसा तिथे पोचणे आणि मध्यरात्री गाडी शोधणे यांत फार अंतर असते. गर्भवतीसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते. शासकीय रुग्णालयात गर्भवतीची ने-आण आणि उपचार विनामूल्य आहेत. हे क्रमांक पतीच्या आणि शेजारणीच्या फोनमध्येही असू द्या.

घरात आणि प्रवासात

त्रास मध्यम असेल तर काही साध्या गोष्टींनी दिवस पार पडतो. रात्रीच उशाशी चुरमुरे, लाह्या, खारी किंवा भाजलेले चणे ठेवा. डोळे उघडल्यावर पडल्यापडल्या थोडे खा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठा. पोट पूर्ण रिकामे राहिले की मळमळ वाढते; म्हणून दोन वेळचे भरपेट जेवण सोडून दर दोन तासांनी चार घास घ्या. गरम अन्नाचा वास अधिक पसरतो. गार भात-ताक, गार पेज, नाचणीचे आंबील अनेकींना सोसते. पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळेत, घोटघोट घ्या. लिंबू-मीठ-साखर, कोकम सरबत, पेजेवरचे मीठ घातलेले पाणी यांतले जे ठरेल ते चालेल. उलट्या वाढल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनीची पूड मिसळा आणि चमच्याचमच्याने घ्या. आल्याचा तुकडा चघळल्याने सौम्य मळमळीत उतार पडतो. तीव्र त्रासात मात्र त्यावर विसंबू नका. उलटीनंतर लगेच दात घासू नका. आम्लाने दातांचे कवच मऊ झालेले असते. आधी चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

एका सवयीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. मळमळ थांबते म्हणून काही घरांत मशेरी लावायला दिली जाते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो आणि आईला कायमचे व्यसन जडते. ती लावू नका आणि प्रेमाने कोणी दिली तरी घेऊ नका.

लोकलने जाणार असाल तर पिशवीत जाड प्लॅस्टिकच्या दोन-तीन पिशव्या, पाण्याची बाटली, लहान टॉवेल, लिंबाची फोड आणि थोडा कोरडा खाऊ ठेवा. शक्य असेल तेव्हा खिडकीजवळ किंवा वाऱ्याच्या बाजूला बसा. दारात मात्र उभे राहू नका. भोवळ येत असेल त्या दिवशी प्रवासच करू नका.

घरच्या माणसांसाठीही काम आहे. फोडणीचा वास, चुलीचा धूर, भाजलेल्या सुकटीचा वास यांनी तिला भडभडते. तेवढे दिवस चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी. तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, पण त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जिच्या पोटात पाणी ठरत नाही, तिने डोक्यावर हंडे वाहून आणावेत, यासारखी विसंगती नाही. तो हंडा या काळात पतीने उचलावा. यात कमीपणा नाही.

औषधांची भीती

‘पहिल्या तीन महिन्यांत गोळी नको’ हे आपल्या मनावर ठसले आहे. या भीतीला इतिहास आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांत मळमळीसाठी थॅलिडोमाइड दिले गेले आणि हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून गर्भारपणातील प्रत्येक औषधाकडे संशयाने पाहिले जाते. काळजी योग्यच आहे. परंतु सगळी औषधे एकसारखी नसतात. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांचे मिश्रण हा आज पहिल्या फळीतील उपचार मानला जातो. अमेरिकेत ते १९८३ मध्ये दाव्यांच्या भडिमारामुळे उत्पादकाने बंद केले. पुढील अभ्यासांत बाळाला अपाय होत असल्याचा पुरावा आढळला नाही आणि २०१३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याला पुन्हा मान्यता दिली. आपल्याकडेही डॉक्टर ते सर्रास देतात. त्याने झोप येते. म्हणून यंत्रावर काम करणाऱ्यांनी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. त्याने भागले नाही तर इतर औषधे आहेत. दुकानातून स्वतःहून काही आणू नका. डॉक्टरांनी दिलेले मात्र भीतीने टाकूनही देऊ नका.

लोहाच्या लाल गोळीनेही मळमळ वाढते. शासकीय कार्यक्रमात पहिल्या तीन महिन्यांत केवळ फॉलिक आम्ल आणि चौथ्या महिन्यापासून लोह दिले जाते. त्यामुळे गोळ्या सोसत नसतील तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. न सांगता बंद करू नका.

दाखल व्हावे लागले तर शिरेतून क्षारयुक्त द्रव, उलटी थांबवणारे औषध आणि रक्तातील पोटॅशियमसारख्या क्षारांची तपासणी हा उपचाराचा गाभा असतो. येथे एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. कित्येक दिवस काहीच न ठरलेल्या रुग्णाच्या शरीरातील ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावरच भर असेल तर तो आधीच तुटपुंजा असतो. अशा वेळी ब-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. ‘अशक्तपणा आहे, एक ग्लुकोजची बाटली लावा’ असा आग्रह म्हणूनच धरू नये. किती दिवसांपासून उलट्या आहेत हे वहीतून दाखवावे आणि ‘ब-१ दिले आहे का?’ असे नम्रपणे विचारावे.

कामावर काय सांगावे?

बहुतेक स्त्रिया सगळी रजा बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवतात आणि पहिल्या तिमाहीत फरफटत कामाला जातात. कायद्यात एक वेगळी तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० मध्ये, गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी नेहमीच्या प्रसूती रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. हा एक महिना त्याहून वेगळा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. त्यासाठी आजाराचा वैद्यकीय दाखला लागतो. लाभाची मुख्य अट अशी की, अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे.

पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर त्या योजनेतही गर्भारपणाच्या आजारासाठी महिन्याभराचा वाढीव लाभ आहे. शिक्षिका व शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्या सेवानियमांतील वैद्यकीय रजेची चौकशी करावी. रोजंदारीवर असल्यामुळे हक्क नाही असे कोणी म्हणाले, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय सांगा. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांच्या त्या प्रकरणात रोजंदारीवरील स्त्रियांनाही मातृत्व लाभ मिळावा असे न्यायालयाने ठरवले. या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. अर्ज तोंडी न करता लेखी करा आणि एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा.

त्रासाचा शिखरकाळ नवव्या आठवड्याच्या सुमारास असतो, हे वर पाहिलेच. तेवढ्यासाठी हा महिना वापरला, तर अनेकींची नोकरी आणि प्रकृती दोन्ही सावरतात. पूर्ण रजा नको असेल तर गर्दीची वेळ टाळून येण्याची मुभा, रसायनांच्या किंवा स्वयंपाकघराच्या वासापासून दूर काम, बसण्याची सोय, शौचालयाजवळची जागा एवढे तरी मागा.

वीटभट्टीवर, शेतात किंवा आवणीला जाणाऱ्या स्त्रीला यातला पुष्कळ भाग लागू होत नाही, हे कटू सत्य आहे. तिने निदान नोंदणी लवकर करावी. उलट्यांसाठी केलेली पहिली फेरीच गर्भवतीची नोंदणी ठरू शकते. माता-बाल संरक्षण कार्ड स्थलांतरातही बरोबर न्यावे. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. बुडालेली मजुरी त्याने भरून निघत नाही, पण पहिला हप्ता वेळेवर नोंदणी केल्यावरच मिळतो.

चौघांना सांगा

तीन महिने न सांगण्याच्या रीतीमागे गर्भ न टिकण्याची भीती आहे आणि ती भीती खरी आहे. ती रीत मोडावी असे नाही; तिच्यात चार माणसांपुरती वाट ठेवावी. पती, घरातील एक जाणते माणूस, आशाताई आणि कामावरची एक विश्वासाची व्यक्ती, एवढ्यांना पाळी चुकल्याची खात्री होताच सांगा. गावभर वार्ता पसरवण्याची गरज नाही; या चौघांना माहीत असले म्हणजे संकटाच्या दिवशी प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसावे लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी बहुधा कोणी बोलत नाही. सतत उलट्या होत असताना ‘हे मूल नकोच’ असा विचार मनात येऊन जातो आणि मग त्या विचाराचीच लाज वाटते. तो आजाराने थकलेल्या शरीराचा विचार असतो. त्यावरून तुम्ही वाईट आई ठरत नाही. डॉक्टरांजवळ तो बोलून दाखवा. मन फारच खचले तर १४४१६ या ‘टेली मानस’च्या विनामूल्य क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घरातील वडीलधाऱ्यांना शेवटी एवढीच विनंती. सातव्या महिन्यात तिची ओटी भराल तेव्हा कौतुक जरूर करा. पण यंदा डोहाळे पुरवण्याची सुरुवात थोडी आधी करा. दुसऱ्या महिन्यात तिच्या उशाशी लाह्यांची वाटी ठेवा, आठवड्याला तिचे वजन विचारा, आणि तिने ‘पाणीही ठरत नाही’ म्हटले की त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या.